चार वाजताचा पियानो

"ऐकू नका, नुसते बसा," असं ती पाहुण्यांना सांगायची, आणि सांगताना उजवा हात माशी हाकलावी तसा हलवायची. कोणी पियानोजवळ कौतुकाने उभं राहिलं की हे ठरलेलं. तो माणूस ओशाळून सोफ्यावर जाऊन बसायचा, मोबाईल काढायचा. मग ती खूश.

अंधेरीला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात मी फ्रंट डेस्कला आहे. तिथल्या लॉबीत ती वीस वर्षं पियानो वाजवत होती. तुम्हीही कधी अशा लॉबीत बसला असाल. चेक-इनची रांग, बॅगांची चाकं, कोणाचं तरी रडणारं पोर, आणि या सगळ्यामागे कुठेतरी पियानो. कोण वाजवतंय हे बघायला मान वळवली होती का तुम्ही? पहिली दोन वर्षं मीही वळवली नव्हती, आणि माझं काउंटर तिच्यापासून पंधरा पावलांवर होतं.

आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हा सगळ्यांना अगं-अरे. चारकोपला दोन खोल्यांत आईबरोबर राहायची. माणसं मूळची मालवणकडची. घरात पियानो मावणं शक्य नव्हतं, म्हणून ती कीबोर्डला हेडफोन लावून रियाज करायची. खालच्या काकूंना सूर ऐकू जायचे नाहीत, फक्त टकटक. त्यांनी एकदा वर येऊन चौकशी केली, की तुम्ही टायपिंगचे क्लास घेता का, आमच्या नातीला घालायचंय. हा किस्सा ती स्वतःच काकूंच्या आवाजात सांगायची.

पियानो तिच्या आयुष्यात आला तो वडिलांच्या पॉलिशमधून. गिरणी बंद पडल्यावर ते फोर्टातल्या एका दुकानात जुन्या पियानोंना पॉलिश करायला लागले. शनिवारी शाळा सुटली की मुलीला बरोबर न्यायचे. दुकानातला म्हातारा ट्यूनर एका पियानोवर सूर लावायचा आणि ही पलीकडच्या पियानोवर तोच सूर शोधून दाबायची. चार शनिवार त्याने दुर्लक्ष केलं, पाचव्या शनिवारी तिला स्टुलावर बसवलं. पुढे परदेशी मंडळाच्या परीक्षा, अगदी वरच्या श्रेणीपर्यंत. मग शाळांत, बॅलेच्या क्लासला, चर्चमधल्या लग्नांत वाजवत वाजवत ती आमच्या लॉबीत पोचली.

दुपारी चारच्या सुमारास लॉबी जरा ओस पडते. त्या वेळी ती सिनेमाची गाणी बाजूला ठेवून तिचं खरं संगीत काढायची. एकदा असाच एक सोनाटा रंगात आलेला असताना कोपऱ्यातल्या टेबलावर केक आला. तिने वाजवता वाजवताच वाढदिवसाच्या सुरांत उडी मारली, टाळ्या झाल्या, आणि त्याच पट्टीतून ती परत सोनाटात शिरली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला हसू आवरेना. तिने माझ्याकडे बघून एक भुवई उचलली. तेव्हापासून चार वाजता माझ्या टेबलावरचा फोन मी शेजारणीला उचलायला लावत असे.

मग एक दिवस मुलुंडचे एक निवृत्त डॉक्टर आले. त्यांचं विमान लेट होतं. पाऊण तास ते खांबाआड उभे राहिले, कारण जवळ गेलेल्या दोघांना तिने सोफ्याकडे पिटाळलेलं त्यांनी पाहिलं होतं. वाजवणं संपल्यावर पुढे आले. म्हणाले, आमच्या संगीत मंडळात रविवारी सकाळी कार्यक्रम करा, दीड तास, एकट्या तुम्ही. चांगला ग्रँड पियानो आहे. तिने तिथल्या तिथे नाही म्हणून टाकलं. त्यांचे फोन सहा महिने येत राहिले आणि ती नाहीच म्हणत राहिली.

शेवटी मी चिडले. लॉकर रूममध्ये तिला अडवून विचारलं, की एवढं येत असून असं का. ती बाकावर बसली, आणि मग तिने ते सांगितलं. बाविसाव्या वर्षी गावातल्या, म्हणजे आपल्या दक्षिण मुंबईतल्या, एका मोठ्या हॉलमध्ये तिचा पहिला कार्यक्रम होता. वडील नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत. दुसऱ्याच रचनेत तिला पुढचं आठवेना. हात तसेच वर राहिले. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. ती उठून आत निघून गेली ती परत आलीच नाही.

"घरी येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत गं," ती म्हणाली. "रागावले असते तरी चाललं असतं."

वडील पुढे वारले. त्यांनी तिला स्टेजवर पुन्हा कधी ऐकलं नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले, आणि तो विषय परत काढला नाही. आठवड्याने तीच काउंटरशी आली. डॉक्टरांना हो सांगितलंय, म्हणाली, रविवारची ड्युटी बदलून घे.

हॉटेलात नुसती धमाल उडाली. हाउसकीपिंगने तिची साडी इस्त्री करून दिली. ज्यांना सुट्टी मिळाली ते सगळे मुलुंडला हजर. आमचा दरवान तर थेट ड्युटीवरून आलेला, पगडीसकट. पहिल्या रांगेत तिची आई, वय चौऱ्याऐंशी, कानांनी अधू, त्यामुळे बोलणं सगळं वरच्या पट्टीत. त्यांच्या शेजारी मी.

पहिली रचना झकास झाली. दुसरीचा संथ भाग सुरू झाला आणि हॉल असा शांत झाला की पंख्याचा आवाज येत होता. तेवढ्यात ती थांबली. हात पट्ट्यांच्या वर, तसेच. तिने मान वळवून विंगेकडे पाहिलं. मला कळलं, आता ही उठणार.

"काय झाला गो?" शेजारून आईंचा खणखणीत आवाज आला. "थांबलंस कित्याक? बरा वाजवी होतंस."

सगळा हॉल हसला. तिचेही खांदे हलताना दिसले. मग ती लोकांकडे वळली.

"माफ करा," ती म्हणाली. "वीस वर्षं मी गप्पांमध्ये वाजवलंय. एवढी शांतता झेपत नाही. पहिल्यापासून वाजवते."

आणि तिने पहिल्यापासून वाजवलं. ते कसं होतं हे मी काय सांगू, मला त्यातलं शास्त्र कळत नाही. एवढं सांगते, की जिथे ती अडली होती ती जागा जवळ आली तेव्हा मी आईंचा हात गच्च धरला, आणि ती तिथून अशी पार झाली की जणू तिथे कधी काही नव्हतंच. शेवटच्या द्रुत भागात तिची बोटं मला वेगवेगळी दिसत नव्हती. लोक उभे राहिले. दरवानाने शिट्टी मारली. डॉक्टर चष्मा पुसत होते. आई मागे वळून, लेकीकडे बोट दाखवत अनोळखी लोकांना सांगत होत्या, की चेडू माझा, बापाशीन शिकवल्यान. तिने आणखी दोन रचना वाजवल्या, तरी कोणी हलेना.

तीन महिन्यांनी तिने हॉटेल सोडलं. आता नाशिक, कोल्हापूर, बडोदा, कुठून कुठून बोलावणी असतात. भेट होत नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी तिचा फोन आला. बडोद्याहून, स्टेजच्या मागून.

"हॉल भरलाय गं," ती म्हणाली. बाकी काही काम नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी तिला बोलावलं. फोन विंगेतल्या कुठल्या तरी टेबलावर चालूच राहिला. माझ्यासमोर एक पाहुणा पासपोर्ट घेऊन उभा होता. मी त्याला हाताने थांबवलं. टाळ्या आल्या, मग थांबल्या, मग काहीच ऐकू येईना. मी फोन कानाशी घट्ट धरला, आणि पहिला सूर आला.