पावसात टाकलेला लाल पडदा

आमची मोठी काकू गेली त्याला आता महिना होईल. रडून झालं सगळ्यांचं. आता जरा हसायचं म्हणून हे सांगतेय. ती असती तर म्हणाली असती, पुरे झालं तोंड पाडून बसणं, बोला काहीतरी.

काकू लॉन्ड्रीत कामाला. लॉन्ड्री धक्क्याला लागून, समोर पाणी, पाण्यापलीकडे छोटंसं बेट. बेटावरच्या गेस्ट हाउसच्या चादरी गाठोडी बांधून लाँचमधून यायच्या. काकू धुवायची, इस्त्री करायची, घड्या घालायची, की निघाल्या परत. झटकल्या की वाळू पडायची. काकू म्हणायची, "अर्धं बेट मी इथं झाडून काढलंय." पण तिकडं पाय म्हणून ठेवला नव्हता. सुट्टी मिळाली की घरचं काम, घरचं काम संपलं की सुट्टी संपलेली.

आणि खरं सांगायचं तर तिला बेट बघायचंच नव्हतं. तिला बेटावरून आपलं घर बघायचं होतं. जन्मभर ओट्याशी उभं राहून खिडकीतून बेट बघितलं, मग तिथून आपण कसे दिसतो, हे एकच तिच्या डोक्यात. काका बेकरीत भट्टीवर होते. ते म्हणायचे, "कसं दिसणार? घरासारखं दिसणार."

काम सोडलं त्या आठवड्यात तिनं ठरवलं, जायचं. तर नेमकी हवा बिघडली. दुसऱ्या दिवसापासून लाँच बंद होणार होती, ती थेट तीन महिन्यांनी सुरू.

"समुद्र बघितलास का? दुधासारखा उतू चाललाय," काका म्हणाले. "तीन महिन्यांनी जाऊ."

"तीन महिन्यांनी माझे गुडघे माझं ऐकतील का? आज जिना उतरतायत, तर आजच जायचं. चला, छत्री घ्या."

आता गंमत अशी, की किनाऱ्यावरची आमची घरं सगळी एका साच्यातली. लांबून आपलं कुठलं ते कळणार कसं? लॉन्ड्रीत कुठल्याशा हॉलचा एक लालभडक पडदा पडून होता, कुणी न्यायलाच आलं नव्हतं. मालकानं तो काकूला निरोपाला दिलेला. एवढा मोठा, की उचलायला दोन माणसं लागावीत. निघायच्या आधी काकूनं एकटीनं तो गच्चीवर ओढत नेला, कठड्यावरून खाली सोडला आणि वर दगड ठेवले. सांगितलं मात्र कुणाला नाही. सांगितलं असतं तर सगळे हसले असते.

लाँचमध्ये काका डोळे मिटून बसले. काकू मात्र पाळण्यात बसल्यासारखी खूश. पलीकडे उतरले तर एक निळी बस उभी. बसला एकच वायपर चालू, छप्पर दोन ठिकाणी गळतंय. ड्रायव्हरच कंडक्टर. आत एक अंडीवाली बाई मांडीवर टोपली घेऊन. संपले प्रवासी.

"बेट बघायला आलात? आज?" ड्रायव्हरनं विचारलं.

"उन्हात काय कुणीही बघतं," काकू म्हणाली.

झालं, ड्रायव्हरला चेव आला. बस चालवता चालवता तो ओरडून माहिती द्यायला लागला. "डाव्या हाताला जुना बुरूज आहे. दिसत नाही, पण आहे! उजवीकडे खोल दरी. ती दिसत नाही तेच बरं!"

अंडीवाली म्हणाली, "अरे, तू रस्ता बघ. तो तरी दिसतोय का तुला?"

काकांनी पुढची दांडी घट्ट धरली. काकू हाताच्या तळव्यानं काच पुसत होती. पुसली की परत वाफ धरायची. एका वळणावर ती एकदम उठली. "अहो, गेस्ट हाउस! ती बघा व्हरांड्यात माझी घडी!" आणि लगेच, "अरे देवा, काय हे, चुरगाळून ठेवलीय मेल्यांनी."

माथ्यावरच्या स्टॉपला बस वळवून उभी राहायची. तिथून पलीकडचा किनारा समोर दिसतो म्हणे. त्या दिवशी समोर नुसतं पांढरं धुकं. काकू पदर डोक्यावर घेऊन उतरली आणि कठड्याशी उभी राहिली. काका छत्री धरून मागे. छत्री उलटी झाली तरी ते धरूनच.

"मावशी, लाँच चुकेल," ड्रायव्हर म्हणाला.

"लाँच तुझी वाट बघते की तू लाँचची?"

"लाँच माझी वाट बघते."

"मग झालं तर."

आणि वाऱ्यानं ढग फाटला. पाणी दिसलं, धक्का दिसला, घरांची ओळ दिसली. करडी, करडी, करडी. लाल कुठंच नाही. काकू डोळे ताणून बघत राहिली. तोंड एवढंसं झालं. मग एकदम कपाळावर हात मारला.

"धाकटी घरी आहे! तिनं काढला!"

धाकटी म्हणजे तिची जाऊ, माझी आई. आमच्या घरात पावसाचा थेंब पडला की हातातलं काम टाकून वाळत घातलेलं आत आणायचं, हा काकूचा कायदा. नवी नवरी असताना आईनं त्यावरून बोलणी खाल्लेली.

काकूनं फोन लावला. "अगं, पडदा कुठाय?"

"आत आणला की. जाऊबाई, वेड लागलंय का तुम्हाला? एवढा पाऊस आणि—"

"परत टाक!"

"पावसात?"

"पावसातच!"

"तुम्हीच शिकवलंत ना मला—"

"शिकवलं ते विसर! पळ, ढग मिटायला लागलाय!"

आई सांगते, ओला पडदा म्हणजे मेलेली म्हैस. जिन्यावरून ओढताना दोनदा बसली. पण टाकला.

इकडे अंडीवालीच पहिली ओरडली, "ताई, तो बघा!" करड्या ओळीत एक लाल ठिपका. ड्रायव्हरनं उगाच हॉर्न वाजवला. काकू हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं, पावसाचं की कसलं कोण जाणे.

"केवढंसं आहे हो! आणि त्यात आपण एवढी माणसं भांडतो!"

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "घरासारखंच आहे."

फोन चालूच होता. "धाकटे, हात कर."

"भिजलेय मी नखशिखांत."

"भिजलीच आहेस, तर कर हात." मग काकू मोठ्यांदा म्हणाली, "दिसलीस! दिसलीस गं!"

एवढ्या लांबून माणूस दिसत नाही. काकांना ते माहीत होतं. त्यांनी उलटी छत्री तिच्या डोक्यावर धरली.

परवा असाच पाऊस, लाँच मात्र अजून चालू. काका छत्री घेऊन निघाले, कुठं ते सांगितलं नाही. आईनं सगळे कपडे आत आणले आणि ट्रंकेतून पडदा काढला. मी एक टोक धरलं. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"दिसतोय," काका म्हणाले.

"आणि मी, भावजी?"

"तू पण दिसतेस. हात जरा खाली घे, दुखेल."