जळत्या बागेला टाळ्या

रत्नागिरीजवळच्या कातळी सड्यावर माझ्या बागेत वणवा शिरला, तो होळीच्या आदल्या दिवशी. पंचनाम्यासाठी पुतण्याने काढलेले त्या वणव्याचे चित्रण सीमेवर युद्ध पेटल्यावर, वैशाखात, ‘शत्रूचा विमानतळ बेचिराख’ या मथळ्याने पसरले. पुढच्या रविवारी ते आमच्या आळीच्या मंडळाने सभागृहात पडद्यावर दाखवले. मथळा देणारा अज्ञात आहे. दाखवणारे अध्यक्ष आणि टाळ्या वाजवणारे सभासद मला पुरते ज्ञात आहेत.

मी उभा राहून म्हणालो, “ही माझी हापूसची कलमे आहेत. ते पंपाचे घर माझे आहे.”

“म्हणजे काका, विमाने चुकून तुमच्याकडे आली?” मागून कोणीतरी ओरडले. सभागृह हसले. अध्यक्ष म्हणाले, “काका, आज तरी विरजण नको.”

पहिल्या रांगेत माझे शेजारी होते. ओल्या फांद्यांनी ती आग त्यांनी माझ्यासोबत झोडपली होती. पडद्यावर त्यांची पाठही दिसत होती. मी त्यांना साक्ष द्यायला सांगितले.

“बाग तुमचीच हो, त्यात वाद नाही,” ते म्हणाले, “पण तिकडेही असेच जळले असणार.” आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मला किळस आली. पुरावा त्यांनी क्षणात मान्य केला होता. पण सगळे जल्लोष करत असताना एकट्याने गप्प बसणे त्यांना जमले नाही, आणि तेवढ्यासाठी माझी कलमे शत्रूची ठरली.

अध्यक्षांना पाठवलेल्या पत्रांची पोच आली, उत्तर आले नाही. म्हणून आता जाहीर मागणी करतो: त्याच सभागृहात, त्याच सभासदांसमोर अध्यक्षांनी सांगावे की पडद्यावर कोणाची बाग जळत होती.