राणीचं बाळंतपण आणि मी

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी, जुलै महिन्यात, माझ्या हातून एक राणी हरवली.

राणी म्हणजे मुंग्यांची. (दुसरी राणी घरात आहे, ती हरवत नाही. उलट हरवलेल्या सगळ्या वस्तू तीच शोधून देते.)

मी तेव्हा नुकताच कारखान्यातून निवृत्त झालो होतो. हिंदी मुलखात, अवधपुरीत घर, मागे बऱ्यापैकी अंगण आणि त्या अंगणात मी आठ वर्षं लाडाकोडात वाढवलेली हिरवळ. मुलगी केतकी पुण्याला नोकरीला होती. पहिल्या लॉकडाऊनमध्ये तिच्या कंपनीनं एकाच व्हिडिओ कॉलवर बऱ्याच जणांना निरोप दिला, त्यात हीसुद्धा. घरी आली ती सगळ्या बॅगा घेऊन. बोलणं तेवढं पुण्याला ठेवून आली. काय झालं? "काही नाही." काय करतेस? "काही नाही." भाजी कशी झालीये? "काही नाही." (हे ऐकून तिची आई दोन दिवस माझ्यावर रागावली होती. का, ते मला अजून कळलेलं नाही.)

मग एके दिवशी ती अंगणात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. आठवड्यानं म्हणाली, "बाबा, या लॉनवर एकसुद्धा फुलपाखरू येत नाही, लक्षात आलंय तुमच्या?"

"लॉन काही फुलपाखरांसाठी नाहीये."

"मग कोणासाठी आहे?"

त्या हिरवळीवर मी कोणालाही पाय ठेवू देत नसे. मी स्वतः कडेकडेनं चालायचो! शेवटी अर्धी हिरवळ गेली आणि तिथे अडुळसा, निर्गुडी, कोरांटी, रुई अशी इथल्याच मातीतली मंडळी राहायला आली. आपोआप उगवलेला आघाडासुद्धा तिनं उपटू दिला नाही. शेजारचे तिवारीजी भिंतीवरून डोकावले. "भाईसाब, आपने तो जंगल बना दिया! अब साँप आएगा, देख लेना!"

साप आला नाही. फुलपाखरं आली, मोठे काळे मुंगळे आले, आणि मुंगळ्यांच्या मागोमाग केतकीचं बोलणंही हळूहळू घरी आलं. कुठला मुंगळा कुठून येतो, कुठल्या झाडावर का चढतो, हे ती जेवताना सांगायला लागली. आम्ही दोघं तोंड बंद ठेवून ऐकायचो. वर्षभरानं मुलगी बोलतेय म्हटल्यावर विषय कोण बघतो?

पुढच्या पावसाळ्यात तिला मागच्या पायरीवर मुंगळ्यांची राणी सापडली. तिनं ती काचेच्या परीक्षानळीत ठेवली. आत पाणी, ते अडवायला कापूस आणि तोंडाशी कापसाचा बोळा.

"ती स्वतःचे पंख स्वतःच मोडून टाकते, बाबा. आता उडायचं नाही ना! पंखांचे स्नायू आत उरतात, तेच जिरवून जगते. पहिली पिल्लं मोठी होईपर्यंत काही खात नाही, कोणाला भेटत नाही."

"क्वारंटाइन," मी म्हणालो.

ती हसली. पूर्ण नाही, अर्धंच. पण मी ते धरलं.

आणि दहाव्या दिवशी केतकीलाच ताप आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या गल्लीतली दोन माणसं गेली होती, त्यामुळे ताप साधा आहे असं डॉक्टर फोनवर कितीही सांगोत, मी दर तासाला फोन करून ताप विचारायचो. केतकी वरच्या खोलीत गेली. जाताना जिन्यावरून, मास्कमधून, सूचना दिली.

"बाबा, नळी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. काही करायचं नाही. उजेड नको, धक्का नको, खाणं नको."

"मग माझी ड्यूटी काय?"

"काहीच न करणं हीच ड्यूटी."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला असं काम कोणी दिलं नव्हतं. (माझ्या साहेबांच्या मते मी तेच करत होतो, पण तो वेगळा विषय.) वर मुलगी तापानं फणफणलेली, खाली मी, मध्ये जिना. दिवसातून तीनदा जिन्यावर ताट ठेवायचं आणि मागे सरायचं. एवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून मी ताटाखाली नोकरीच्या जाहिरातींची कात्रणं ठेवायचो. रिकाम्या ताटाबरोबर ती तशीच परत यायची, घडी न मोडता.

तिसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला. नुसतं बघायला! राणीच्या पोटाशी पांढऱ्या अंड्यांचा एवढासा पुंजका होता. मी बायकोला हाक मारली. "माधुरी, अगं ही बाळंतीण आहे!"

"बरं मग?"

"बाळंतिणीला उपाशी कशी ठेवायची?"

"केतकीनं सांगितलंय ना हात लावू नका म्हणून?"

"केतकीला बाळंतपणातलं काय कळतंय?"

"आणि तुम्हाला?" असं म्हणून ती आत गेली.

केतकीला शक्ती यावी म्हणून माधुरीनं डिंकाचे लाडू केले होते. मी त्यातला कण टूथपिकच्या टोकावर घेतला, बोळा काढला आणि मोठ्या मायेनं आत सरकवला. राणीनं लाडवाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती टूथपिकवर चढली, टूथपिकवरून माझ्या बोटावर आली आणि कडकडून चावली. मी ओरडलो, हात झटकला, आणि राणी गेली! कुठे गेली? परमेश्वर आणि ती स्वतः, दोघांनाच ठाऊक.

"झाडू बंद!" मी किंचाळलो. माधुरी दारातच थिजली. मग मी गुडघ्यांवर, हातात टॉर्च, पलंगाखाली, कपाटामागे, चपलांत. राणी मिळेना. तिला गोडाचा मोह पडेल म्हणून मी खोलीच्या चार कोपऱ्यांत गूळ ठेवला. मोह पडला, पण लाल मुंग्यांना! तासाभरात त्यांची अशी रांग लागली की लसीकरण केंद्रावरही तेवढी नव्हती. माधुरीनं मुंग्यांचा खडू काढला. मी तो हिसकावून लपवला. "राणी मेली तर?" त्या दिवसापासून साखरेत मुंग्या, पिठात मुंग्या आणि माधुरीच्या बोलण्यात मी.

अंडी नळीत उघडीवाघडी पडलेली. त्यांना आई पाहिजे, असं मी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आघाड्याशी जाऊन उकिडवा बसलो. भिंतीवरून तिवारीजी.

"भाईसाब, क्या ढूँढ रहे हैं?"

"रानी."

त्यांनी मास्क नाकावर नीट चढवला. आवाज खाली आणून म्हणाले, "भाभीजी को पता है?"

अखेर एक मुंगळा सापडला. चांगला दांडगा, राणीच्याच मापाचा. (मला तरी तसं वाटलं.) तो नळीत घातला, बोळा लावला. त्यानं अंड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोळाच कुरतडायला लागला.

दुपारी फोन वाजला. व्हिडिओ कॉल. "बाबा, आज ताप नाहीये. राणी दाखवा ना."

"तिला उजेड नको ना?"

"एक सेकंद, बाबा."

मी नळी पडद्याच्या सावलीत धरली, फोन हलवत ठेवला आणि वर "नेटवर्क नाहीये" असंही म्हणालो. केतकी म्हणाली, "बाबा, हिचं डोकं एवढं मोठं कधी झालं?"

"डिंकाचा लाडू..." मी म्हणालो आणि पुढचं सगळं आपोआप बाहेर पडलं.

"बाबा! ही राणी नाहीये! ही कामकरी आहे, पहारा देणारी! तुम्ही ड्यूटीवरच्या वॉचमनला बाळंतिणीच्या खोलीत कोंडलंत!"

आणि ती हसली. पूर्ण हसली, खोकला येईपर्यंत. खोकला थांबेना तसा मी घाबरून जिन्याकडे धावलो आणि चौथ्या पायरीवर थांबलो. फोन हातातच होता.

"वर येऊ नका," ती धापा टाकत म्हणाली. "ठीक आहे मी." मग जरा वेळानं, हसू ओसरल्यावर, "पण हात का लावलात, बाबा?"

"काही न करता बसवेना गं."

"माझ्या बाबतीत तरी बसवतं का?"

ताटाखालची ती कात्रणं आठवून मला एवढं ओशाळल्यासारखं झालं की मी चौथ्या पायरीवरच बसून राहिलो. तिनंही फोन ठेवला नाही. आम्ही दोघं, ती दाराच्या आत आणि मी जिन्यात, बराच वेळ तसेच गप्प होतो. मला वाटतं, त्या वर्षातलं आमचं सगळ्यात लांब संभाषण तेच.

संध्याकाळी मी ताट ठेवलं, फक्त ताट. रिकामं परत आलं तेव्हा त्यात चिठ्ठी होती: 'वॉचमनला होता तिथे सोडा.' मी त्याला आघाड्याखाली सोडून आलो.

केतकी बरी होऊन खाली आली. राणी सापडलीच नाही, आणि अंडीही तगली नाहीत. दोन दिवस मी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो. तिसऱ्या दिवशी तिनं मला खुरपं दिलं आणि उरलेली हिरवळ दाखवली. मी मुकाट्यानं काढली. पुढच्या वर्षी तिनं आपलं आपणच काम शोधलं, शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत, देशी झाडांचं. मला सांगितलं ते रुजू झाल्यावर. मी एकही सल्ला दिला नाही. (जीभ चावली होती, दोन दिवस तिखट खाता आलं नाही.)

आता ती कॉलनी-कॉलनीत जाऊन अंगणातल्या झाडांवर आणि मुंग्यांवर बोलते. दर वेळी एका गृहस्थाची गोष्ट सांगते, नाव न घेता. लोक पोट धरून हसतात. परवा आमच्याच कॉलनीत कार्यक्रम होता. गोष्ट संपल्यावर एका बाईंनी कळवळून विचारलं, "बेटा, वो अंकल अब कैसे हैं?"

"बिलकुल ठीक हैं," केतकी म्हणाली. "अब बिना पूछे किसी को कुछ नहीं खिलाते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत. मी खुर्च्यांच्या मधल्या रांगेत उभा राहून, नको नको म्हणणाऱ्या तिवारीजींच्या बशीत तिसऱ्यांदा चिवडा वाढत होतो.