बोरसे सरांचा जाड पट्टा

इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी बोरसे सर त्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत. मग क्षणभर थांबून आतल्या पेशींना अहिराणीत विचारत, "बठ्ठं बरं शे ना?" म्हणजे सगळं ठीक आहे ना. पहिल्या दिवशी मला हसू आलं. सर म्हणाले, "हसू नको. दार उघडलं की आतली ऊब जाते. टकटक करायची सवय असली की माणूस घाई करत नाही." महिन्याभरात मीही टकटक करू लागले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावला सरांच्या हाताखाली मी पीएच.डी. करत होते. मी साक्रीकडची, सर नरडाण्याचे. मे महिन्यात जळगाव तापलं की आमच्या इनक्युबेटरची पंचाईत व्हायची. त्याला तापवता यायचं, थंड करता यायचं नाही आणि पेशींना तर सदतीस अंशांच्या वर सोसायचं नाही. सर खिडक्यांना ओली गोणपाटं लावत, कूलरमध्ये स्वतः बादल्या ओतत. "त्या पाहुण्या आहेत," म्हणत. "आपला उन्हाळा त्यांना कशाला?"

या पेशी मुळात उंदराच्या एका गाठीतल्या. ज्वारीच्या दाण्यांसारख्या गोल आणि नुसत्या वाढत राहणाऱ्या. त्यांना एक ठरावीक द्रव्य दिलं की चार-सहा दिवसांत वाढ थांबायची आणि अंगातून बारीक तंतू फुटायचे, थेट मज्जापेशींसारखे. "उनाडपणा संपला, संसाराला लागल्या," सर सूक्ष्मदर्शकातून मान वर न काढता म्हणत. बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी जी प्रथिनं असतात, त्यांना ते 'निरोपे' म्हणत. पेशी रूप बदलते तेव्हा कोणता निरोप्या वाढतो आणि कोणता कमी होतो, हे शोधणं हा आमचा विषय. प्रथिनं जेलच्या पातळ थरावर वजनाप्रमाणे वेगळी करायची, हव्या त्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिपिंड लावायचं आणि फिल्मवर काळा पट्टा उमटवायचा. पट्टा जितका जाड तितकं प्रथिन जास्त.

ऐंशीच्या दशकात सरांनी एका निरोप्यावर निबंध लिहिला होता. तंतू फुटतात तसा तो वाढत जातो, असं त्यात होतं. सरांचं नाव झालं ते त्यावरच, आणि माझा प्रबंधही त्याच पायावर उभा राहायचा होता.

मी नव्याने मिळालेलं प्रतिपिंड लावलं तर पट्टा दिवसागणिक फिका होत गेला. सहाव्या दिवशी जवळपास दिसेनासाच झाला. मी प्रयोग चार वेळा केला. चारही वेळा तेच. पुण्याच्या परिषदेत सर माझ्या फिल्म दाखवणार होते. ते विचारायचे, "पट्टा कसा आला?" मी सांगायचे, "अजून फिल्म धुवायची आहे, सर." फिल्म तर हॉस्टेलवर माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली होत्या. तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही. सर चुकलेत म्हणावं तर कोणाच्या तोंडाने म्हणायचं? आणि मी चुकले असेन, तर दोन वर्षं पाण्यात.

शेवटी एका दुपारी मी पाकीट नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. चौथी खाली ठेवून विचारलं, "कधीच्या आहेत?"

"तीन आठवडे झाले."

"एवढे दिवस एकटीच वागवत होतीस?"

सर रागावले नाहीत. उठले, डीप फ्रीझर उघडला आणि अगदी तळातून एक कुपी काढली. त्यांच्या जुन्या प्रतिपिंडाचे शेवटचे काही थेंब तिच्यात उरले होते. "एकाच नमुन्यावर दोन्ही लाव. नवं आणि माझं."

लावलं. नव्याचा पट्टा फिका होत गेला, जुन्याचा जाड होत गेला. नमुना एकच होता. सरांनी दोन्ही फिल्म एकमेकींवर ठेवून पाहिल्या. मग म्हणाले, "या निरोप्याला एक भाऊ आहे, त्याच्यासारखंच दुसरं प्रथिन. वजनात थोडाच फरक. माझं प्रतिपिंड दोघांना धरत असणार." फक्त त्या भावाला ओळखणारं प्रतिपिंड मुंबईच्या एका स्नेह्याकडे होतं. सर स्वतः जाऊन ते बर्फ भरलेल्या थर्मासमधून घेऊन आले आणि स्टेशनवरून थेट प्रयोगशाळेत हजर झाले.

दोन दिवसांनी फिल्म निघाली. मूळ निरोप्या कमी होत होता, त्याचा भाऊ वाढत होता. सर स्टुलावर बसले आणि हळूच हसले. "दोघांना मी एकच समजत होतो," म्हणाले. त्या दिवशी मेसमध्ये मी पाच पोळ्या खाल्ल्या.

आठवड्याभरात सरांनी तो जुना निबंध छापलेल्या नियतकालिकाला दुरुस्तीचं दोन पानी पत्र लिहिलं. त्यावर पहिलं नाव माझं घातलं. ते वाचून मी इतकी हरखले की पुढचं धड न वाचता सही केली. पुण्याला सरांनी आधी स्वतःची जुनी स्लाइड दाखवली, मग माझी फिल्म. "पहिलीत मी अर्धंच पाहिलं होतं," एवढं शांतपणे सांगितलं आणि पुढची आकृती घेतली. सभागृहात कोणी हसलं नाही. परतीच्या गाडीत सर अहमदनगर गेल्यावर म्हणाले, "तुला एक सांगायचंय. त्या जुन्या निबंधाच्या वेळीही कधीकधी दोन पट्टे दिसायचे. अगदी जवळजवळ. मी फिल्म जास्त वेळ लावून ठेवायचो, म्हणजे दोन्ही पसरून, मिसळून एकच जाड दिसायचा."

मी विचारलं, "सर, हे पत्रात नाही लिहिलं?"

"लिहिलंय. शेवटच्या परिच्छेदात. तू वाचलं नाहीस."

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या हाताखाली शिकले म्हटलं की लोक अजून त्यांच्या शिस्तीबद्दल विचारतात. मला मात्र ती भर दुपारची गाडी आठवते. एवढं बोलून सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला, खिडकीला डोकं टेकलं आणि त्यांना गाढ झोप लागली. मनमाडला चहावाले ओरडत डब्यातून गेले, इंजिन बदलताना धक्का बसला, तरी त्यांना जाग आली नाही. जळगाव यायला अजून तीन तास होते. मी त्यांना उठवलं नाही.