बँकेचा आहेर

कडूबा अप्पाराव म्हंजे चहा पाजायला फार अवघड माणूस. जाफराबाद तालुक्यातल्या कापसावाल्या शेतकऱ्यांनी त्याला धरून, बाजेवर बसवून, पुढ्यात कप ठेवून पाह्यला. कप गार व्हायचा, कडूबा हालायचा न्हाई. कारण तो बियाणे कंपनीचा सुपरवायझर. कोणाचा बियाण्याचा प्लॉट पास अन् कोणाचा नापास, हे त्याच्या एका सहीवर. चहा पिला तर सही हालते, असं त्याचं म्हणणं. एकदा कोणी गपचूप त्याच्या लुनाच्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा टाकल्या. पुढच्या खेपेला कडूबानं बाजारातून इकत घेऊन तेवढ्याच शेंगा त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. त्या जरा खवट निघाल्या, पण फेड झाली.

एकाच ठिकाणी त्याचा इलाज चालत नव्हता, ते म्हंजे लग्नकार्यातला आहेर. तो न्हाई म्हणता येत न्हाई. मंग कडूबा तो घ्यायचा अन् दुसऱ्याच्या कार्यात वरचढ करून परत करायचा. एकावन्न आले तर एकशे एक. शेवटचा रुपया त्यानं कधी चुकवला न्हाई. रुपया वर असला की आहेर, नसला की नुसते पैसे, एवढं आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

ते बँकेला कळत नव्हतं, अन् तिथंच घोटाळा झाला.

नव्याण्णव साली कंपनीनं पगार नवीन जालन्यातल्या एका नव्या बँकेत टाकायला सुरुवात केली. त्या बँकेची टूम अशी, की खात्यात ठरावीक रक्कम पडून राह्यली तर दर महिन्याला बक्षीस. ते किती? तर एकशे एक रुपये. बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना बरं वाटावं म्हणून मॅनेजरनं वरचा रुपया चढवला होता म्हणे.

कडूबानं पासबुक पाह्यलं अन् त्याचा चेहरा उतरला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "बेबीनंदा, बँकेनं आपल्याला आहेर केला."

"कशाचा? आपल्याकडं काय कार्य झालं?"

"तेच तर इचारून राह्यलो मी सोताला."

बेबीनंदाला कार्य नको होतं, मिक्सर पाह्यजे होता. त्यांनी जालन्यात एक प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं होतं. वास्तूच्या पंगतीला पुरणपोळी ठरलेली, अन् पुरण वाटायला घरात पाटा-वरवंटा. तिचं मनगट दोन साल झाले दुखत होतं. वर्षभर बक्षीस साठलं तर मिक्सर येतो, हे तिनं तिथल्या तिथं जुळवलं.

कडूबा म्हणाला, "बिलकुल न्हाई. आहेर मोडून खायचा नसतो. फेडायचा असतो."

"बँकंचं लगीन कवा लागंल मंग?"

याचं उत्तर लवकरच मिळालं. बँकेला वर्ष झालं तेव्हा शाखेत सत्यनारायण ठेवला. कडूबा टॉवेल, टोपी, नारळ घेऊन हजर. मॅनेजर कोल्हापूरकडचा, नवखा. कडूबानं त्याच्या डोक्यावर टोपी चढवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात पाकीट दिलं. मॅनेजरला वाटलं, जालन्यात खातेदार असंच करत असतील. त्यानं पाकीट गुपचूप सत्यनारायणाच्या ताटात ठेवलं अन् टोपी घालून दिवसभर कॅशवर सह्या केल्या. कडूबा समाधानानं घरी आला. पुढच्या महिन्यात पासबुकात पुन्हा एकशे एक.

"अवं," बेबीनंदा म्हणाली, "तुमी टोपी घातली म्हणून त्यायनी पुना आहेर केला. आता तुमाला सोवळं नेसवावं लागंल मॅनेजरला."

मंग जुलै आला. कंपनीचे लोक इन्कमटॅक्सचं रिटर्न भरायला शिवनारायणजींकडं जायचे. शिवनारायणजी म्हंजे तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या घरातले वकील, गादीवर बसून फॉर्म भरणारे. त्यांनी कडूबाचं पासबुक चाळलं अन् बोट ठेवलं.

"कडूबाजी, हे बँकेचं बक्षीस. इतर उत्पन्नात दाखवावं लागंल."

"उत्पन्न न्हाई ते, आहेर हाय."

"कोणी केला?"

"बँकेनं."

शिवनारायणजींनी चष्मा काढला. "भाई, बँक तुमची मावशी आहे का?"

"मंग मी काय काम केलं त्याच्यासाठी? घाम न्हाई, हात न्हाई. उत्पन्न म्हणलं अन् खाली सही केली, तर खोटी सही होईल माझी."

"आणि न्हाई लिहिलं तर ती बी खोटीच."

सहीवर आलं की कडूबा नेहमी नमतं घेतो. म्हणाला, "बरं. पण मी टॉवेल-टोपी परत केली, पाकीट दिलं. तो खर्चा वजा करा."

"टोपीचा खर्चा सरकार मानत न्हाई."

"घातली मॅनेजरनं. पाह्यजे तर इचारा."

"कडूबाजी, नीट ऐका. तुमचा पैसा तिथं पडून राह्यला, बँकेनं तो वापरला. तुम्ही खर्च न करता थांबले, त्याची ही मजुरी. मजुरीत सरकारचा हिस्सा. आहेरात सरकार हिस्सा मागतं का कधी?"

हे मात्र कडूबाला लागलं. आजवर किती लग्नं झाली, पण मांडवात कोणी सरकारी माणूस पाकिटातला हिस्सा मागायला आल्ता, असं त्याच्या आठवणीत नव्हतं. तो म्हणाला, "म्हंजे सरकारनं टॅक्स घेतला, की ती कमाईच?"

"बराबर."

"आन् कमाई फेडावी लागत न्हाई?"

"जिंदगीत न्हाई."

अडीचशेच्या वर टॅक्स बसला. माणसं टॅक्स भरून येतात तेव्हा तोंड कडू असतं. कडूबा स्टेट बँकेतून चालानवर शिक्का मारून बाहेर आला तो पोरगं पास झाल्यासारखा. तिथून नीट दुकानात गेला अन् उरलेल्या पैशात स्वतःची थोडी भर घालून मिक्सर घेतला. घरी नेऊन बेबीनंदापुढं ठेवला.

"झाली का फेड?" तिनं विचारलं.

"फेड न्हाई. मजुरी हाय ती."

"कोणाची?"

"थांबायची."

"मंग माझी हाय," ती म्हणाली, अन् खोकं फोडलं.

वास्तूच्या दिवशी पुरण मिक्सरमधून निघालं. म्हाताऱ्या बायांनी नाकं मुरडली, अन् तीन तीन पोळ्या खाल्ल्या. जेवणं चालू असताना बँकेचा मॅनेजर आला, आपल्या टोपीची आठवण ठेवून. त्यानं कडूबाच्या हातात पाकीट ठेवलं, वर एक रुपया चिकटवलेला. दोन वर्षांत तो बराच शिकला होता.

कडूबानं पाकीट उघडलं न्हाई. मॅनेजरला बाजूला नेलं.

"साहेब, राग मानू नका. हे तुमच्या घरचे, का बँकेचे?"

"माझ्या घरचे. का हो?"

"न्हाई, बँकेचे असते तर शिवनारायणजीला सांगावं लागलं असतं," कडूबा म्हणाला अन् पाकीट खिशात घातलं. "तुमच्याकडं कार्य कधी?"

मॅनेजरचं अजून लग्नच व्हायचं होतं. कडूबा तेव्हापासून त्याच्यासाठी पोरगी पाहून राह्यला.