बोंबलाची जोडी आणि व्हेरामावशीचं इंग्लिश

बोंबील एकटा सुकत नाही. हे ज्याला माहीत नाही त्याने उत्तनला येऊन आम्हाला शहाणपण शिकवू नये. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. एकटा टाकलात तर सटकून वाळूत पडतो आणि कावळ्यांची चंगळ होते. माझ्या व्हेरामावशीने आम्हाला इंग्लिश शिकवलं ते याच दोऱ्यांखाली उभं राहून.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत तोच नवरा दर्यात गेला, तेव्हा ती वांद्र्याला एका गोऱ्या कुटुंबात आया म्हणून राहिली. चांगली अठरा वर्षं. चौतीस साली ते लोक विलायतेला परतले आणि मावशी पत्र्याची ट्रंक घेऊन गावात आली. दुसऱ्याच दिवशी पाटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर हजर! नाहीतर आमच्यातल्या काही बाया, वांद्र्याला चार महिने राहिल्या की मासळीला नाक मुरडतात. नावं घेत नाही, त्यांना कळेल.

तिचं फाडफाड इंग्लिश ऐकून आम्ही पोरी मागेच लागलो. ती म्हणाली, "शिकवीन, पन हात थांबायचे न्हाय."

ती एक बोंबील हातात धरायची आणि म्हणायची, "नीड!" आम्ही दुसरा अडकवून त्या शब्दाचा जोडीदार ओरडायचो, "फॉर!" "डॅमेज!" "टू!" "इंटरेस्ट!" "इन!" चुकलं की जोडी उतरवून पुन्हा लावायची. एकदा मी विचारलं, डॅमेजला टूच का? तर म्हणाली, "तुझ्या आयला तुझा बापूसच का भेटला? भेटला ना? मंग झालं." शेजारच्या कोळीवाड्यातली हौसाबाई आधी खदाखदा हसायची, "काय गो, मासली इकायची का सायबाशी लगीन लावायचं?" महिन्याभरात तीच सगळ्यांच्या वर आवाज काढून "फॉर" म्हणायला लागली.

आठ वर्षं असं चाललं. मग बेचाळीसचा पावसाळा सरला आणि लढाई आमच्या दारात आली. लष्कराचा एक साहेब आला आणि बोंबील सुकवायच्या जागेतून त्याने चुन्याची सरळ रेघ मारली. दर्यावर नजर ठेवायला इथे बराकी होणार, आठ दिवसांत दोऱ्यांच्या काठ्या उपटा. अहो, हंगाम नुकता लागला होता! बोंबील सुकवले नाहीत तर पुढच्या पावसाळ्यात दोनशे घरं खाणार काय, वाळू? पुरुष भेटायला गेले. अर्धा तास तळमळून बोलले ते सगळं दुभाष्याने दोन वाक्यांत उरकलं. साहेबाने नकाराची मान हलवली, झालं.

आता सगळ्यांचे डोळे मावशीकडे. आणि नेमका तेव्हाच तापाने तिचा घसा बसलेला, चूं करायची सोय नाही. साहेब पुन्हा किनाऱ्यावर आला तेव्हा तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला चक्क पुढे ढकललं.

मी एकोणीस वर्षांची. "सर," म्हटलं आणि पुढे डोकं कोरं. साहेब घड्याळ बघतोय. वळून बघितलं तर मावशी दोरीखाली उभी, हातात एक बोंबील उंच धरलेला. मी पाटीतला दुसरा उचलला, अडकवला, आणि माझं तोंड उघडलं ते उघडलंच. ही जागा आम्हाला का हवी, दर्याचा वारा इथेच कसा लागतो, टेकडीमागे वाऱ्याविना मासळी कशी नासते, सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, साहेब, ती टेकडी बघा, रिकामी पडलीय, आणि तिथून तुम्हाला इथल्यापेक्षा दुप्पट दर्या दिसेल.

साहेब टेकडीवर गेला, दुर्बीण लावून बराच वेळ उभा राहिला, खाली आला आणि त्याने बुटाने चुन्याची रेघ पुसली. मी काही फुशारकी मारत नाही. त्याला पटली ती टेकडी. पण टेकडी दाखवायला तोंड लागतं, आणि ते तोंड मावशीने दिलं होतं.

जागा आमच्याकडेच राहील असा त्याने कागद करून दिला. विचारलं, तुला हे कोणी शिकवलं? मी मोठ्या दिमाखात मावशीकडे बोट केलं. साहेबाने हसून तिच्यापुढे पेन धरलं, गावातल्या बायांच्या वतीने सही कर म्हणाला.

मावशीने पेनाकडे बघितलं. लुगड्याला हात पुसला. आणि अंगठा पुढे केला.

संध्याकाळी आईने मला सांगितलं: वांद्र्याच्या साहेबाच्या पोरांना शिकवायला बाई यायची, तेव्हा मावशी खोलीबाहेर पोरांचे मोजे रफू करत बसायची आणि कानांनी सगळं वेचायची. अक्षर एकही नाही. चर्चमध्ये मिस्साला ती प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसायची, आम्ही पान उलटलं की मग उलटायची. आठ वर्षं मी शेजारी बसले आणि मला दिसलं नाही! मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मावशी किनाऱ्यावर आली नाही. दार लावून बसली. हौसाबाईने पाटी उचलली, "चला गो!" आम्ही सगळ्या तिच्या अंगणात गेलो, शेवग्यापासून विहिरीच्या खांबापर्यंत दोरी बांधली आणि तिथेच पाट्या उतरवल्या. "व्हेराबाय," हौसाबाई ओरडली, "भायेर ये, हात थांबलेत!"

दार उघडलं. डोळे सुजलेले. "अंगठेवाली मी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमाला काय शिकवनार?"

मी बोंबील उंच धरला. "रिस्पेक्ट!"

तिने लुगड्याला हात पुसले. मग पायरी उतरली, पाटीतला दुसरा उचलून माझ्या बोंबलात अडकवला आणि हळूच म्हणाली, "फॉर."

"फॉर व्हेरामावशी!" आम्ही सगळ्या एकदम ओरडलो.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली, "जोडी सैल लागलीय." आणि रडत रडत ती पुन्हा घट्ट लावायला लागली.