हँडल नसलेलं स्वयंपाकघर

आई उलथन्याची कड फटीत घालून ड्रॉवर उघडत होती. स्वतःच्याच स्वयंपाकघरात, चोरासारखी. संधिवाताने तिची बोटं वाकली आहेत, आणि दादाने हौसेने करून घेतलेल्या या नव्या स्वयंपाकघरात एकाही कप्प्याला हँडल नाही. सगळं पांढरंशुभ्र आणि सपाट, भिंतीसारखं.

माझं डोकंच फिरलं. "दादा, हिने साधा चहा तरी कसा करायचा?"

"अगं, डिझायनर म्हणाला, हँडलं लावली की लुक जातो."

"असू दे गं," आई मध्येच म्हणाली, "छान दिसतंय की." तिच्या त्या समजूतदारपणाचा मला जास्तच राग आला.

घर सजवतो कुणासाठी आपण? पंधरा मिनिटं बसून 'वा' म्हणणाऱ्या पाहुण्यांसाठी? ओट्याची लांबी सुतापर्यंत मोजली होती. जिचा अख्खा दिवस त्या ओट्यापाशी जातो, तिच्या हातांचा विचार मात्र कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी हार्डवेअरच्या दुकानातून चांगली जाडजूड हँडलं आणली आणि सुताराला बोलावलं. त्या गुळगुळीत दारांना भोकं पाडताना त्याचाही जीव खालीवर होत होता. दादा तर घराबाहेरच निघून गेला. आई मात्र, काही नको असतानाही, एकेक ड्रॉवर उघडून बघत राहिली.

माझा राग तरीही निवला नाही. काम सुरू होण्याआधी दादाने या स्वयंपाकघराची चित्रं मला फोनवर पाठवली होती, आणि त्यांखाली "मस्तच!" असं मीच लिहिलं होतं.